साहेबांच्या उजव्या हाताची खुर्ची

साहेबांच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर त्या दिवशीही भाऊसाहेबच बसले होते. मी केबिनमध्ये शिरले तेव्हा ते आमच्या कार्यकारी अभियंत्यांना सांगत होते, "टेलवाल्यांचं मी बोलतो ना साहेब. या पाळीला त्यांना पाणी लागत न्हाई. विहिरी भरून हायेत."

मी तेव्हा सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर शाखा अभियंता होते. कालव्यातून शेतांकडे फुटतो त्या फाट्याला चारी म्हणतात. चारीचं तोंड म्हणजे हेड, शेवट म्हणजे टेल. पाणी सोडलं की आधी टेलला द्यायचं आणि मग हेडकडे मागं मागं यायचं, असा नियम. नियम चांगला आहे. फक्त हेडला केळी होती आणि ती भाऊसाहेबांची होती.

भाऊसाहेबांना पद कुठलंच नव्हतं. पण आमच्याकडे पदापेक्षा ती खुर्ची मोठी. कुणाची बदली, कुणाचा ट्रान्सफॉर्मर, कुणाच्या पोराचं अ‍ॅडमिशन, सगळ्यांसाठी ते तिथून बोलायचे. बोलायला पैसे पडत नाहीत.

साहेब म्हणाले, "मॅडम, या वेळी टेल ड्रॉप करा."

"एकदा बघून येते सर."

"अहो, भाऊसाहेब सांगतायत ना?"

"म्हणूनच बघून येते."

ती चारी शिरड शहापूरकडची. तिच्या अगदी टोकाला मार्थाबाईंचं शेत. नवरा नाही, पोरं नाहीत, उन्हाळी भुईमूग हेच वर्षाचं पीक. भुईमुगाला आऱ्या सुटल्या होत्या. फुलातून देठ निघतो, तो जमिनीत शिरतो आणि तिथं शेंग धरते, त्या देठाला आरी म्हणतात. जमीन ओली नसेल तर आरी शिरणार कुठून? मी टाचेनं जमीन ठोकून पाहिली. टाच दुखली. विहिरीचा तर तळच दिसत होता.

रविवार होता. अंगणात लिंबाखाली चार घरची माणसं प्रार्थना आटोपून उठत होती. मार्थाबाईंचं घर सासऱ्यांच्या काळापासून ख्रिस्ती. त्यांनी मला अर्धा पेला पाणी दिलं. आज कसली प्रार्थना, म्हणून मी सहज विचारलं.

"आमचा प्रभू बापाच्या उजव्या हाताला बसून आमच्यासाठी विनंती करून राहिला. आज तेच वाचलं."

मला हसू आवरेना. आठवडाभर ऑफिसात एक उजवा हात पाहून डोकं उठलेलं. म्हटलं, "म्हणजे वरही ती खुर्ची आहेच! तिथंही वशिल्याशिवाय काम होत नाही का?"

मार्थाबाई रागावल्या नाहीत. "वशिलाच म्हना. पण आमचा बोलणारा आधी खाली येऊन राहिला, म्याडम. उपाशी राहिला, मार खाल्ला. क्रुसावर टांगला तव्हा तहान लागली म्हणला. ज्याला तहान ठावं हाय त्यानंच पाण्याचं बोलावं की न्हाई? तुमचे भाऊसाहेब कधी आले काय हितं?"

"ते तर म्हणतात, तुमच्यासाठी तेच बोलतात."

"आमालाबी तेच सांगतेत. हापिसात येऊ नका, मी बोलून राहिलो म्हणून."

धर्मातलं मला फारसं कळत नाही. मी देवळात नारळ फोडून घड्याळ बघणारी बाई. पण भाऊसाहेबांमध्ये नेमकं काय कमी आहे ते या बाईनं एका वाक्यात सांगितलं होतं. मला संताप आला, आणि संतापात मला बरं सुचतं.

मी साहेबांना म्हटलं, "उद्या वरून विचारणा झाली तर संयुक्त पाहणी झालेली बरी." वरून म्हटलं की साहेब लगेच उठतात. लोकांचे प्रतिनिधी म्हणून भाऊसाहेबांना घेतलं. एप्रिलची भर दुपार मीच ठरवली. चारीच्या कडेचा रस्ता फुटलेला, त्यामुळे जीप हेडलाच थांबली. पुढे पायी. थंड बाटल्यांचा खोका जीपमध्येच राहिला. कुणाच्या चुकीनं, ते विचारू नका.

भाऊसाहेब आधी केळीबद्दल बोलले. मग उन्हाबद्दल बोलले. मग बोलायचे थांबले. हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मार्थाबाईंच्या अंगणात पोचताच ते लिंबाच्या मुळीवर बसले, परीटघडीच्या कपड्यांसकट.

"मार्थाबाई, पाणी द्या हो."

त्यांनी एक पेला साहेबांना दिला, एक भाऊसाहेबांना. भाऊसाहेबांनी रिकामा पेला परत पुढं केला. मार्थाबाईंनी घागर उलटी करून दाखवली.

"संपलं. आता टँकर येईल तव्हा."

"काहून? विहिरीचं काढा की!"

"काढा," म्हणत त्यांनी दोराची बादली भाऊसाहेबांच्याच हातात दिली.

तहान माणसाला विचार करू देत नाही. भाऊसाहेब खरंच विहिरीवर गेले आणि बादली सोडली. खाली दगडावर ती खणकन आपटली. तो आवाज अंगणापर्यंत आला. संयुक्त पाहणी तिथंच संपली.

माझ्याकडे न बघता साहेब म्हणाले, "मॅडम, टेल कधी चालू करताय?"

पाणी आलं. निम्मा भुईमूग तोवर गेला होता, निम्मा हाती लागला. पाठोपाठ शिरड शहापूरच्या स्टँडवर फ्लेक्सही लागला. हात जोडलेले भाऊसाहेब, आणि खाली 'टेलच्या पाण्यासाठी अखंड पाठपुरावा'. मी तणतणत मार्थाबाईंना म्हटलं, "बघितलंत? श्रेय घेऊन मोकळे!"

त्या शेंगा तोडत होत्या. म्हणाल्या, "घेऊ द्या. आमचा वरचा रोजच बोलून राहिला. भाऊसाहेब एकदाच खरं बोलले. तहानले तव्हा."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एक पथ्य पाळलं. दुसऱ्यासाठी बोलायला कुणी आलं की मी उठायचे आणि म्हणायचे, "चला, आधी तिथवर चालून येऊ." बहुतेकांच्या घरी नेमकं त्याच दिवशी लग्न निघायचं.