मावशीने पास म्हटलं की

भाज्या आणि मासे बरण्यांत भरणाऱ्या सरकारी कारखान्यात बावीस वर्षं मावशीचं काम एकच. उकळून बंद झालेल्या प्रत्येक बरणीच्या झाकणावर चमच्याची पाठ वाजवायची आणि ऐकायचं. झाकण खणखणलं तर बरणी पास. बद्द वाजलं तर आत हवा शिरली, बाजूला काढा. त्यावरून तिला टकटक मावशी म्हणत. खरं नाव विचारलं तर तिलाही क्षणभर आठवावं लागायचं.

कारखान्याला टाळं लागलं आणि जो तो आपापल्या स्वयंपाकघरात बरण्या भरू लागला. मग बाहेरच्या कंपन्यांचा माल दुकानांत आला आणि एकेकट्याचा निभाव लागेना, तेव्हा सात घरांनी मिळून संघ काढला. संघ कसला, एका पोत्यात भरलेली सात मांजरं! हा म्हणे त्याने मीठ कमी घातलं, तो म्हणे ह्याने उकळायचा कंटाळा केला. बरणीवर नाव कुणाचं घालायचं यावरून तर हमरीतुमरी झाली. शेवटी सातांचं एकमत झालं ते एवढ्यावरच: नाव कुणाचंच नको, मावशीने टकटक करून पास म्हटलं की माल संघाचा.

मावशीचा भाव वधारला. नोकरी गेल्यापासून ती घरात नुसती भाजी निवडायला उरली होती. आता सात घरची माणसं तिच्यापुढे श्वास रोखून उभी राहत. हे सुख तिला सोडवेना. सून हाका मारून मारून दमली की मावशी म्हणायची, "तुझा घसाच बसलाय, गरम पाणी पी." हिवाळ्यापासून तिला सगळी झाकणं सारखीच वाजायला लागली होती. तिने मनाची समजूत घातली, की माल सुधारलाय.

गुरुवारी जेवणाच्या आधी संघाचा अध्यक्ष, म्हणजे व्हिनेगरमध्ये भाज्या मुरवणारा व्हिनेगरवाला, फडक्यात गुंडाळलेली मटारांची बरणी घेऊन गोदामात आला. त्याने सगळ्यांना बोलावून घेतलं आणि फडकं सोडलं. आतला माल नासून झाकण मधोमध फुगलेलं होतं.

"पोस्टमन दवाखान्यात आहे," तो म्हणाला. "पापण्या उचलता येत नाहीत, घोट गिळता येत नाही. आपलेच मटार खाल्ले होते. ही त्याच्याच घरातली दुसरी बरणी."

मग माना हळूहळू एकीकडे वळल्या. मटार तीन घरं करायची, पण त्यांत नवखी होती ती एकटी कंडक्टरबाई. बस बंद झाल्यावर ती या धंद्यात आली होती.

"माझी प्रत्येक बरणी मावशींनी पास केलीय," ती पुटपुटली. मावशीला ते तिच्या ओठांवरून कळलं.

संघातल्या मासेवाल्याचा आवाज मात्र भिंतीलाही ऐकू जाईल असा. "मावशींच्या कानाला बोल लावू नका! हिला काढा, हिचा माल नाल्यात ओता, म्हणजे बाकीचा विकायला मोकळा."

एकेक हात वर जाऊ लागला. सगळे मावशीकडे बघत होते. हात वर केला तर ती उद्याही मावशीच राहणार होती. आणि मटार करणाऱ्या उरलेल्या दोन घरांच्या बरण्या, तिने न ऐकताच पास केलेल्या, संध्याकाळपर्यंत कुणाकुणाच्या ताटात जाणार होत्या. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"बरणी कुणाचीही असेल," ती म्हणाली. "हिवाळ्यापासून मला ऐकू येत नाही."

मासेवाला हसला. "मावशी, ही काय चेष्टेची वेळ आहे?"

ती चिडली. पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "एक चांगली बरणी घे आणि ही फुगलेली. दोन्हींवर चमचा मार. मला फरक सांगता आला तर मी खोटी."

ती वाट बघत राहिली. मागे कुणी जागचं हललंसुद्धा नाही, असं तिला वाटलं.

"अरे, वाजव की!"

कंडक्टरबाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली. मावशीला नीट कळावं म्हणून तिने एकेक शब्द सावकाश म्हटला.

"वाजवून झालं, मावशी. दोनदा."

मावशी वळली. वर गेलेले हात खाली आले होते. व्हिनेगरवाला बोटांवर हिवाळ्यापासूनचे महिने मोजत होता. मासेवाल्याने चमचा टाकला आणि तो घराकडे धावत सुटला. त्याच्याकडे आज दुपारच्या जेवणाला मटार होते.