रुफिनाचा गाल

चिकितोसच्या रानातल्या आमच्या गावात पेत्रोना तोमिचाला कुणी विचारलं, "म्हातारे, जन्मभर केलंस काय?" तर ती म्हणायची, "चिखल तुडवला, आणखी काय!" खोटं नव्हतं ते. जेझुइट पाद्री कधीच निघून गेले, पण त्यांनी बांधलेलं मातीचं चर्च मागे राहिलं. दर पावसाळ्यानंतर भिंती लिंपायच्या, आणि तो चिखल पेत्रोनाच्या पायाखालून जायचा. त्यात अभ्रकाची पूड असायची. सकाळचं ऊन पिळाच्या लाकडी खांबांमधून आत शिरलं, की अभ्रक लकाकायचं आणि भिंती झोपेत श्वास घेतल्यासारख्या हलताना दिसायच्या.

वेदीच्या डाव्या हाताला भिंतीवर व्हायोलिन वाजवणारा देवदूत होता. तिच्या नवऱ्याने रंगवलेला, आणि चेहरा त्यांच्या रुफिनाचा. पोर लहानपणीच तापाने गेली, मागोमाग नवराही. लेकीचा फोटो कधी काढलाच नव्हता. पेत्रोना रोज पहाटे त्या गालावरून हात फिरवायची. तळव्याला लागलेलं अभ्रक दिवसभर धुवायची नाही. वेडी माया, दुसरं काय! त्या मायेनेच गाल झिजत गेला.

यंदा ओल चढून नेमकी तीच भिंत फुगली. पुतण्या लासारो आता गावचा रंगारी. तो चाचरत म्हणाला, "काकू, गिलावा उतरवावा लागणार."

"माझ्या जिवावर उठलास होय रे मेल्या!"

"अगं, चेहरा उरलाय कुठे? तूच पुसून टाकलास. मी काढतो पुन्हा. सांग, नाक कसं होतं तिचं?"

पेत्रोनाने तोंड उघडलं. नाक आठवेना. डोळेही आठवेनात. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उतरलेली माती फेकायची नाही, नव्या मातीत विरजणासारखी घालायची, ही आमची रीत. पण त्या मातीवर पेत्रोनाला पाय ठेववेना. ती खाली बसली आणि हातांनीच मळत राहिली, कणीक मळावी तशी.

लासारोने मग मनानेच चेहरा काढला. चर्चच्या सणाच्या सकाळी पेत्रोना भिंतीसमोर उभी राहिली. ऊन आलं, देवदूत उजळला.

"ही माझी रुफिना नव्हे," ती म्हणाली. लासारोचा चेहरा पडला.

तिने हात उचलला, गालापर्यंत नेला आणि न लावताच मागे घेतला.

"मोठी झाली रे माझी पोर," ती हळूच म्हणाली. "आता चारचौघांत गालाला हात लावलेला नाही आवडायचा तिला."