एका नंबरचे दोन अर्ज

कुणीही कागद पुढं केला की बाई आधी तो वाचत नसत. अंगठा आणि बोट यांच्यात कोपरा धरून कागद चोळायच्या, खाली आणखी एखादा चिकटलेला आहे का ते बघायच्या, आणि नसला की चष्म्यावरून नजर टाकून विचारायच्या, "आन् नक्कल कुठंय?"

परभणीच्या कचेरीसमोर, रसवंती आणि सायकलवाला यांच्या मधल्या पत्र्याच्या खोलीत त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. तुमच्यापैकी कुणी त्या वर्षांत कचेरीच्या पायऱ्यांवर तिष्ठत बसलं असेल, तर हा प्रश्न त्यानं ऐकला असणारच. मी गंगाखेडचा अर्जनवीस, म्हणजे तहसीलसमोर सतरंजी टाकून लोकांचे अर्ज लिहून देणारा. टायपिंग मी त्यांच्याच दुकानात शिकलो, आणि पहिल्याच दिवशी मशीनला एकटा कागद लावला म्हणून बोलणी खाल्ली. कार्बन न घालता टाइप करणारा माणूस त्यांच्या लेखी अडाणी होता, मग तो कितीही शिकलेला असो.

त्यांच्याकडं प्रत्येक गोष्ट दोन होती. दोन चष्मे, दोन कुलपं, मशीनच्या दोन रिबिनी. छत्र्याही दोन, एक घरी आणि एक दुकानात. त्यामुळं पाऊस त्यांना हमखास वाटेत गाठायचा आणि दोन छत्र्यांची मालकीण ओलीचिंब होऊन दुकानात शिरायची. मी हसलो की म्हणायच्या, "हसा. छत्री कोरडी हाय का न्हाई?"

या खोडीमागं काय होतं ते मला उशिरा कळलं. बाई बौद्ध घरातल्या. विद्यापीठाच्या नामांतराच्या पहिल्या दंगलीत त्यांच्या माहेरची वस्ती जाळली गेली, तेव्हा भावाच्या घरातली लोखंडी पेटीही त्यात सापडली. गावाच्या गायरानातला एक तुकडा त्यांच्या वडिलांनी दगड वेचून पेरणीखाली आणला होता. ती जमीन नावावर व्हावी म्हणून कचेरीला दिलेल्या प्रत्येक अर्जाची नक्कल त्या पेटीत होती, एकेकाच्या दोन दोन. पेटी शाबूत राहिली आणि आतल्या कागदांची राख झाली. कचेरीत गेल्यावर तिथला माणूस म्हणाला, तुमचा एकही अर्ज आमच्याकडं नाही. जमीन गेली.

"एका पेटीतल्या दोन नकला म्हंजी एकच नक्कल, भाऊ," बाई मला म्हणाल्या. "ही अक्कल आमाला आगीनं शिकवली."

मग त्यांनी दुसरं दफ्तर गंगाखेडला माझ्या घरी ठेवायचं ठरवलं. मला विचारलं नाही, कळवलं. गायरान कसणाऱ्या कुणाचाही अर्ज आला की तो तीन प्रतींत टाइप व्हायचा. एक कचेरीत जायची. दुसरी बाईंच्या दफ्तरात नंबर टाकून, अर्जदाराच्या अंगठ्यासह चिकटवली जायची. तिसरी एसटीच्या कंडक्टरच्या हाती माझ्याकडं यायची, आणि मी ती माझ्या दफ्तरात त्याच नंबरावर लावायचो. पान तेच, नंबर तोच. माणूस परभणीला गेला काय आणि गंगाखेडला आला काय, त्याला त्याच्या अर्जाची नक्कल तिथल्या तिथं टाइप करून मिळायची.

आमचं घर जमीनदाराचं नसलं तरी बऱ्यापैकी शेतीवाडीचं. थोरल्या भावानं विचारलं, ज्या गायरानात आपली गुरं चरतात, त्याचेच कागद तू आपल्या धान्याच्या खोलीत ठेवणार? मी हो म्हणालो. त्यानं वर्षभर माझ्याशी अबोला धरला. मला ते वर्ष बरं गेलं.

आता दोन ठिकाणी दफ्तर ठेवलं, पण पलीकडचं दफ्तर जागेवर आहे की नाही हे कसं कळणार? बाईंनी पोस्टकार्डं ठरवली. दर सोमवारी आणि गुरुवारी त्यांनी मला एक टाकायचं, मी त्यांना एक टाकायचं. त्यावर मजकूर एकच शब्दाचा, 'हाय'. आमच्या पोस्टमनला ही गंमत इतकी पाठ झाली होती, की तो कार्ड न देता रस्त्यावरूनच ओरडायचा, "बाई हायेत," आणि सायकल पुढं काढायचा. लागोपाठ दोन कार्डं आली नाहीत, तर पलीकडचं दफ्तर बुडालं असं समजायचं आणि पुढचे नंबर आपण द्यायला लागायचं. एरवी नंबर देण्याचा हक्क फक्त परभणीचा होता.

एकदा दोन कार्डं आली नाहीत. मी घाबरून मिळेल त्या गाडीनं परभणी गाठली. बाई दुकानात बसून बशीत चहा ओतून पीत होत्या. त्यांनी मुद्दाम कार्डं टाकली नव्हती, मी काय करतो ते बघायला. मी इतका संतापलो की दाराबाहेरूनच परत फिरलो. त्यांनी मागून हाक मारून बसवलं आणि वर मलाच झापलं.

"कार्ड आलं न्हाई तर इकडं कामून पळत आलात? मी मेले असते तर तुमी येऊन काय करणार होतात? तिथं काम धरायचं."

ते मी मनावर घेतलं, आणि तिथंच आमचा घात झाला.

त्याचं असं झालं. बऱ्याच वर्षांच्या मोर्चांनंतर सरकारनं एकदाचं कबूल केलं, की गायरान कसणाऱ्यांनी अमुक तारखेच्या आत अर्ज द्यावेत. नेमकं त्याच पंधरवड्यात नामांतरावरून वातावरण पुन्हा तापलं. बंद पुकारला गेला, एसटी थांबली, डाक थांबली. सोमवारचं कार्ड आलं नाही. गुरुवारचंही आलं नाही. परभणीत दुकानं जाळली अशी अफवा बाजारात होती. मी घरी बसून पोटभर रडलो आणि मग बाईंनी सांगितलं होतं तसं काम धरलं. गोदाकाठच्या गावांतली माणसं पायी येत होती. त्यांच्या अर्जांना मी चारशे बारापासून पुढं नंबर दिले.

तिकडं बाई धडधाकट होत्या. दुकानाचं अर्धं शटर ओढून, पेडगावच्या बाजूनं चालत आलेल्या माणसांचे अर्ज टाइप करत होत्या. त्याही चारशे बारापासूनच.

डाक सुरू झाली तेव्हा पोस्टमन एकदम तीन कार्डं घेऊन आला आणि या वेळी ओरडला नाही, हातात दिली. मला झालेला आनंद मी सांगू शकत नाही. तो दोनच दिवस टिकला. बाई दफ्तर घेऊन गंगाखेडला आल्या, आम्ही पानाला पान लावलं, आणि कळलं की चारशे बारा ते चारशे अठ्ठावीस या सतरा नंबरांवर चौतीस माणसांचे अर्ज आहेत. एका नंबरला दोन. बाईंनी पदरानं चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

पुढं कचेरीनं आपला गुण दाखवला. बंदच्या दिवसांतले अर्ज, माझ्याकडचे तहसिलीमार्फत गेलेलेही, तिथल्या कारकुनानं पोच न देता घेतले होते, आणि आता तो गठ्ठाच सापडत नव्हता. बाईंनी आरडाओरडा केला. एक नवे साहेब आले होते, ते म्हणाले, तुमचं दफ्तर दाखवा. ते खरं आहे असं मला पटलं, तर अर्ज मुदतीत आले असं धरतो. पेशीची तारीख पडली. गायरानावर डोळा असलेल्या बड्या शेतकऱ्यांनी वकील दिला, आणि एका नंबरला दोन अर्ज असल्याची कुणकुण त्या वकिलाला लागली.

आदल्या दिवशी दुपारी मी बाईंच्या दुकानात गेलो. मी काय सुचवलं ते सांगायला मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, बाई, माझ्या दफ्तरातली ती सतरा पानं फाडू. तुमचं एकटं दफ्तर राहिलं तर त्यात खोट काढायला जागा नाही. निदान पेडगावकडची सतरा घरं तरी वाचतील.

बाईंनी मशीनवरचा हात काढला.

"लोकांनी आमचे कागद जाळले, भाऊ. आता आमी सवताच्या हातानं जाळायचे?" त्या पुढं म्हणाल्या, "आन् गोदाकाठची सतरा घरं कुणाची हायेत? माझी न्हाईत?"

मी पुन्हा तो विषय काढला नाही.

पेशीच्या दिवशी बाई दोन्ही दफ्तरं डोक्यावर घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढल्या. मी एक द्या म्हणत होतो, त्यांनी दिलं नाही. अंगठे उठवणारी चौतीस माणसं बाहेर उन्हात उभी होती. वकील फाइल उघडत होता तेवढ्यात बाई उठल्या.

"साहेब, वकील साहेब जे सांगणार हायेत ते मीच आधी सांगते," त्या म्हणाल्या आणि दोन्ही दफ्तरं टेबलावर उघडून ठेवली.

मग त्यांनी सगळं सांगितलं. कार्डांचा नियम आपण केला, गंगाखेडच्या अर्जनवीसानं फक्त तो पाळला, चूक झाली असेल तर ती आपली. नंतर पिशवीतून त्या पंधरवड्यातली कार्डं काढली. त्यांनी टाकलेली आणि मी टाकलेली, दोन्हीकडची. प्रत्येकावर निघाल्याचा शिक्का त्या त्या दिवसाचा होता आणि पोचल्याचा शिक्का बंद उठल्यानंतरचा. साहेबांनी एकेक कार्ड उलटसुलट करून बघितलं. वकील म्हणाला, ज्या दफ्तरात नंबर धड नाहीत त्याला दफ्तर कसं म्हणायचं.

बाई वकिलाकडं वळल्याच नाहीत. त्या साहेबांना म्हणाल्या, "आमच्याकडं एका नंबरला दोन अर्ज हायेत, साहेब. तुमच्याकडं एक बी न्हाई."

साहेबाला असं तोंडावर बोललेलं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. साहेबांनी त्यांना खुर्चीवर बसायला सांगितलं. बाई बसल्या नाहीत, सगळी कार्डं मोजून परत पिशवीत पडेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.

महिन्यानं निकाल आला. चौतीसच्या चौतीस अर्ज मुदतीत धरले गेले, नंबरांपुढं 'प' आणि 'ग' लावून. पुढं त्यातल्या किती जणांच्या नावावर जमीन चढली ही वेगळी लढाई आहे, काहींची ती फार वर्षं चालली. पण तुमचा अर्जच नाही, असं त्यांना पुन्हा कुणाला म्हणता आलं नाही. मला याचा अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

बाई मात्र समाधानी नव्हत्या. त्यांचं डोकं त्या सतरा नंबरांतच अडकलं होतं. एक दिवस म्हणाल्या, "दोघंच असले आन् मधली वाट तुटली, की दोघालाबी वाटतं मीच उरलो. तिसरं कुणीतरी पायजे."

ते तिसरं माणूस त्यांनी पोखर्णीत शोधलं. परभणी आणि गंगाखेड यांच्या मधोमध, नरसिंहाच्या देवळासमोर एक म्हातारी नारळ विकायची. मेंढरं राखणाऱ्या घरातली, अक्षरओळख नसलेली. तिनं दफ्तर ठेवायचं नव्हतं. दोन्हीकडून तिला निरोप जायचा आणि कोण आहे, कोण नाही एवढंच तिनं लक्षात ठेवायचं. नवा नियम असा, की कार्ड चुकलं तर आधी पोखर्णी गाठायची, गाडी नसेल तर सायकलनं. पोखर्णी गाठता आली नाही, तर अंगठे घेऊन कागद नुसते सांभाळायचे, नंबर द्यायचा नाही. पुढं दोन बंदांत मी वीसेक किलोमीटर सायकल हाणत गेलो. दोन्ही वेळा म्हातारी मला बघून वैतागली. "हाय तुजी बाई. जा गप घरी," म्हणायची, आणि फुटका नारळ हातावर ठेवायची. पुन्हा आमचा एकही नंबर दुहेरी पडला नाही.

नामांतराचा निर्णय झाला, त्याच्या आधीच्या श्रावणात बाई गेल्या. आठवडाभर तापल्या आणि गेल्या. सोळा वर्षं ज्या गोष्टीसाठी त्या रस्त्यावर उतरल्या, ती त्यांना पाच-सहा महिन्यांनी हुकली. याचा मला संताप येतो, आणि कुणावर काढावा ते कळत नाही.

सकाळच्या पहिल्या गाडीच्या कंडक्टरनं निरोप आणला. बाराच्या आत माती होणार होती. मी चपला घातल्या, आणि दारात एक माणूस उभा. पेडगावकडचा, त्या सतरांतला. त्याच गाडीनं आला होता, पण त्याला काही ठाऊक नव्हतं. काल दुपारी परभणीचं दुकान बंद दिसलं म्हणून इकडं आलो, म्हणाला. तलाठ्यानं आज संध्याकाळच्या आत अर्जाची नक्कल मागितली होती, नाहीतर नोंद पुढं ढकलली जाणार. मी बसलो तर परभणीची गाडी जाणार, आणि पुढच्या गाडीनं गेलो तर बाईंचं तोंड दिसणार नाही, हे मला स्पष्ट कळत होतं.

मी चपला काढल्या. दफ्तर उघडलं, चारशे एकोणीस 'प' काढला, मशीनला कागद लावला, कार्बन घातला. खोलीवरचा पत्रा तापायला लागला होता आणि माझी बोटं चुकत होती. एक ओळ दोनदा खोडावी लागली. माणूस समोर उकिडवा बसून निवांत तंबाखू मळत होता, यंदा जवारी बरी हाय म्हणाला.

सही, शिक्का केला. त्यानं कागद घडी करून बंडीच्या आतल्या खिशात घातला आणि उठला.

"बाईला तेवढं सांगा," म्हणाला, "कागद गंगाखेडात भेटला म्हणावं. उगं काळजी करत बसतील."

सांगतो, म्हणालो. खोटं बोललो याचं काही वाटलं नाही. तो वळणावर दिसेनासा झाला तेव्हा मी पुन्हा चपला घातल्या आणि पुढच्या गाडीसाठी निघालो.