आधी काठ बघा

दाजींच्या हातात साडी दिली की ते आधी दुकानाबाहेर जायचे. गिऱ्हाईक बाई काउंटरशी आणि दाजी रस्त्यावर. गुलमंडीच्या बाजारातल्या गर्दीत, रिक्षावाल्यांच्या शिव्या खात ते साडीचा काठ उन्हात धरायचे, डोळे बारीक करायचे, आणि आत येऊन खणातून नेमका तोच रंग काढून द्यायचे. "ट्यूबखाली सगळेच रंग थापा मारतात ताई. उजेडात बघा. आणि आधी काठ बघा, अंग नंतर." माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मूळचे पिशोरचे. शेती भावांवर सोपवून शहरात आले आणि ब्लाउजपीस, अस्तर, फॉल असं मॅचिंगचं दुकान टाकून बसले.

त्या दुकानात, दोऱ्यांच्या रिळांशेजारी, एक काचेची टाकी होती. रंग जुळायला वेळ लागला की बायका माशांकडं बघत थांबायच्या. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दाजीही तेच करायचे. "आफ्रिकेतल्या तळ्यातले हायेत," असं सांगायचे, जणू ते तळं पिशोरच्या थोडं पुढं लागतं.

मी इंजिनिअर. सिडकोत फ्लॅट घेतला तेव्हा हॉलला शोभा म्हणून मीही चार फुटी टाकी आणली आणि तिच्यात 'मिक्स आफ्रिकन' म्हणून मिळालेले डझनभर सिक्लिड जातीचे रंगीत मासे सोडले. नेटवरचे फोटो जुळवून एकेकाचं नाव शोधलं, फोटोसकट छापलं, लॅमिनेट केलं आणि काचेवर पट्ट्या चिकटवल्या. बायको म्हणाली, "आता माशांना तेवढं वाचायला शिकव."

दाजी पहिल्यांदा टाकीपुढं बसले ते चहा पार गार होईपर्यंत. मग त्यांनी एका पिवळ्याजर्द माशाकडं बोट केलं. तो सगळ्यांना हाणत फिरायचा.

"ह्याच्या पट्टीवर काय लिहिलंय, इंजिनिअरसाहेब?"

"यलो लॅब."

"नाय. लॅबच्या पाठीवरच्या पराला काळा काठ असतो, ठसठशीत. ह्याला हाय का? उलट अंगावर बघा, धुवून धुवून विटलेल्या लुगड्यावर असावेत तसे उभे पट्टे. हा केनी. लई मारका."

मग ते कोपऱ्यात दगडाआड दबून असलेल्या मळकट निळ्या माशाकडं वळले. त्याच्यासाठी मी 'झेब्रा, मादी' अशी पट्टी लावली होती.

"हा बी केनीच. आणि बाई नाय, गडी हाय."

"दाजी, एक पिवळा, एक निळा, आणि जात एकच?"

"व्हय. ह्यांच्यात बाई निळी, गडी पिवळा. लहानपणी सगळे निळेच. पण टाकीत एक दांडगा असला की दुसरा गडी पिवळा व्हायला धजत नाय. रंग झाकून ऱ्हातो. मार बसतो ना."

पिवळ्याची पट्टी मी बदलली. निळ्याची तशीच ठेवली. कोपऱ्यातल्या माशाकडं बघतंय कोण.

तेव्हापासून दाजी रविवारी सकाळी यायचे, टाकीचं पाणी बदलायला. मी सांगितलं नव्हतं, त्यांनीही विचारलं नव्हतं. येताना दुकानातली एखादी चिंधी आणायचे, काच पुसायला. पाणी बदलून झालं की सोफ्यावर ऐसपैस बसायचे आणि माझ्या नोकरीची चौकशी करायचे.

अशाच एका रविवारी आमच्या कारखान्याचे मोठे साहेब चहाला येणार होते. माझ्या बढतीचा कागद त्यांच्या टेबलावर होता, म्हणून घरात नवीन कपबशा आल्या होत्या. साहेब तासभर लवकर आले. दाजी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, एक बाही खांद्यापर्यंत भिजवून टाकीत हात घालून उभे होते.

साहेबांनी माशांचं कौतुक केलं. मी एकेकाची ओळख करून दिली, हा केनी, हा पीकॉक, काठ बघा साहेब, वगैरे. सगळं दाजींकडून शिकलेलं. मग साहेबांनी दाजींकडं बघून विचारलं, "आणि हे?"

मी म्हणालो, "हे माशांचं बघतात."

व्याकरणाच्या दृष्टीनं या वाक्यात खोटं काही नाही. पुढं कितीतरी महिने मी त्या व्याकरणाला धरून बसलो.

दाजींनी माझ्याकडं एकदाच बघितलं, उन्हात कापड धरून बघायचे तसं. मग हात पुसून साहेबांना नमस्कार केला. "आमच्याही टाकीत फार मारामाऱ्या चालतात," साहेब म्हणाले. "याल का एकदा?"

"येतो की."

दाजींनी चहा स्वयंपाकघरात उभ्यानंच घेतला. बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. बढती मात्र झाली.

आणि दाजी खरंच साहेबांकडं जायला लागले. त्यांच्या टाकीतले मासे ओळखून दिले, दगड रचून दिले. साहेब मला केबिनमध्ये सांगायचे, "तुमचा मासेवाला हुशार आहे हो." मी मान डोलवायचो. दर रविवारी ठरवायचो, आज दाजींपाशी बोलायचं. मग हॉलमध्ये गेलो की टाकीतल्या पाण्याबद्दल बोलायचो. दाजी तसेच होते, फक्त सोफ्यावर बसेनासे झाले. आणि निघायच्या आधी फोन करून विचारायला लागले, "आज कुणी यायचं हाय का तुमच्याकडं?"

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी, दुकानातच, खणातून रीळ काढताना दाजी खाली बसले ते उठलेच नाहीत.

पावसाळ्यात आमचा दांडगा पिवळा मेला. पंधरा-वीस दिवसांत कोपऱ्यातला मळकट निळा दगडाआडून बाहेर आला, आणि बघता बघता हळदीसारखा पिवळा झाला. काचेवर पट्टी होतीच, 'झेब्रा, मादी'. मी ती नखानं खरवडून काढली. डिंकाचा डाग राहिलाय.

त्याच आठवड्यात साहेबांनी विचारलं, "तुमच्या मासेवाल्याचा फोन का लागत नाही?"

"साहेब, ते माझे दाजी होते. थोरल्या बहिणीचे यजमान. गेले ते."

साहेबांनी हातातला फोन टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

तिथून मी तडक दुकानात गेलो. दुकान आता अक्का, माझी थोरली बहीण, चालवते. तिनं माझ्या हातात अस्तराचे तागे दिले, आणि ते धरून उभ्या उभ्या मी तिला सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"मला माहितीये," ती म्हणाली. "त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं त्यांनी."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुझ्या भावाच्या घरात ट्यूबलाईट लई. तिथं त्याला रंग खरा दिसत नाय. मनानं वाईट नाय तो. तू काय बोलू नको त्याला."

एवढ्यात एक जुन्या गिऱ्हाईक बाई साडी घेऊन आत आल्या. माझ्याकडं, माझ्या हातातल्या ताग्यांकडं बघून म्हणाल्या, "नवीन माणूस ठेवला का हो, काकू?"

"नाय हो. भाऊ आहे माझा. सख्खा," अक्का म्हणाली आणि साडी घेऊन उन्हात गेली. वाक्य शोधायला तिला क्षणही लागला नाही.