तिसऱ्या फेरीतला आवाज

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. त्या रविवारी मैदानावर 'वॉचमन' असं पहिल्यांदा जो ओरडला, तो मी होतो.

पण त्याआधी 'हनुवटी झाका'बद्दल सांगायला हवं. शेंद्र्याला आमच्या कंपनीच्या गेटवर एक वॉचमन उभे असत आणि आत जाणाऱ्याला नमस्काराऐवजी हेच म्हणत. मॅनेजरनं बोलावलंय? "हनुवटी झाका." मुलगी बघायला चाललात? "हनुवटी झाका, भाऊ." म्हणताना उजव्या मुठीवर रुमाल गुंडाळत राहायचे. अंगठ्यापासून सुरुवात, बोटांच्या सांध्यांवरून फिरवून मनगटावर शेवट. झालं की सोडायचे आणि परत गुंडाळायचे. सगळे त्यांना फौजी म्हणत. फौजेत असताना ते बॉक्सिंग खेळलेत, हे मात्र गेटवर कुणाला माहीत नव्हतं.

मला माहीत होतं. कॉलेजात असताना शहरातल्या एका स्पर्धेत मी त्यांना लढताना पाहिलं होतं. दोरीला लागून बसलो होतो आणि "दाबून, फौजी, दाबून" असं ओरडून दोन दिवस माझा घसा बसला होता. वीसेक वर्षांनी मी या कंपनीच्या टाइम ऑफिसात हजेरी बघायला लागलो, तर गेटवर तोच माणूस. पोट थोडं सुटलेलं, डावी भुवई मधोमध चिरलेली. ओळख सांगितली तर म्हणाले, तसं नको, ओरडून दाखवा. शिफ्ट सुटत होती, लोक बघत होते. मी लाजत लाजत "दाबून" म्हटलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"व्हय, तुम्हीच ते," ते म्हणाले. "आत उतरलं की भायेरचं माणूस दिसत नाय, टाइमवाले. आवाज तेवढा येतो. तो मी इसरत नाय."

तेव्हापासून त्यांच्या खुर्चीशेजारी रोजचा चहा सुरू झाला. मी प्रश्न विचारायचो, ते रुमालाशी खेळत उत्तरं द्यायचे. एकदा म्हणाले, ज्याला हनुवटी झाकता येत नाही त्याच्या हनुवटीवर मारायचं नसतं. ग्लोव्ह नुसता टेकवायचा, म्हणजे त्याला कळतं आणि तो झाकतो. त्यांच्या उस्तादानं फौजेत त्यांना असंच शिकवलं होतं. हे मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं होतं, एवढं लक्षात ठेवा.

अलीकडे निघालेली पद्धत तुम्हीही पाहिली असेल. जुन्या, निवृत्त खेळाडूला रिंगमध्ये उतरवायचं, समोर मोबाइलवर गाजलेलं एखादं पोरगं उभं करायचं आणि लोकांनी हसत बघायचं. आमच्याकडच्या एका महोत्सवात तसं ठरलं. आयोजक माझ्या ओळखीचा. त्याला कुणी जुना बॉक्सर हवा होता आणि मी छाती फुगवून फौजींचं नाव सांगितलं.

फौजी नको म्हणत होते. "गुडघे गेलेत. लोकं हासतील." मी आठवडाभर मागे लागलो. लोकांना तुम्हाला बघायचंय, म्हणालो. खरं तर लोकांना त्यांचं नावही माहीत नव्हतं. मलाच ऑफिसातल्यांना दाखवायचं होतं की हा माणूस माझा आहे. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही पुढं बसनार असाल तर येतो."

मी पुढे बसलो. शेजारी ऑफिसातले चौघे.

पोरगं जिममध्ये घडवलेलं, देखणं. तीन फेऱ्या खेळायच्या, कुणी हरायचं नाही, असं ठरलेलं. पहिल्याच फेरीत दिसलं की त्याची हनुवटी उघडी पडलीय. फौजींनी दोनदा तिला ग्लोव्ह टेकवला, अगदी हळू. पोराला कळलं नाही. लोकांनाही कळलं नाही. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याच्या हातात जोर उरला नाही. मागून कुणी "गोळ्या घेतल्या का काका" म्हणालं, कुणी शिट्ट्या मारल्या. पोराला चेव आला आणि तो खरंच मारायला लागला. फौजी झाकत राहिले, मागे सरत राहिले, आणि मधूनच पुन्हा तो ग्लोव्ह टेकवत राहिले.

तिसऱ्या फेरीत माझ्या शेजारचा म्हणाला, "हाच का तुमचा वाघ?" बाकीचे तिघे हसले.

त्यांना समजावून सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी उठलो, त्यांच्याबरोबर हसलो आणि ओरडलो, "ओ वॉचमन, गेट उघडं राहिलंय."

फौजींनी मान वळवली. आवाजाच्या दिशेनं, माझ्याकडे. तेवढ्यात पोराचा ठोसा हनुवटीवर बसला आणि ते एका गुडघ्यावर खाली आले. सगळं मैदान टाळ्यांच्या ठेक्यात "वॉचमन, वॉचमन" करायला लागलं. शेकडो मोबाइल वर होते.

नंतर तंबूत मी पाणी घेऊन गेलो. ते हातावरची पट्टी सोडत बसले होते. ओठ फुटला होता.

"टाइमवाले, कोन वरडलं हो?"

"मागं पोरं होती," मी म्हणालो. "मुकुंदवाडीकडची असतील."

ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटतं, ते वाट बघत होते. मग पट्टीची गुंडाळी करून त्यांनी पिशवीत ठेवली.

"व्हय," म्हणाले. "असतील."

सोमवारी ते गेटवर होते. तो व्हिडिओ कँटीनमध्ये फिरत होता आणि शिफ्ट सुटताना कुणी ना कुणी तो मोठ्यानं लावायचं. ते नोंदवहीत डोकं घालून बसायचे. मी चहाला जायचं टाळलं. हनुवटी झाका असं त्यांनी पुन्हा कुणाला म्हटल्याचं मला आठवत नाही. महिन्याभरात नोकरी सोडून ते गावी गेले, पिशोरला. त्या दिवशी मी टाइम ऑफिसच्या खिडकीतून बघत होतो. रुमाल खांद्यावर नुसता टाकलेला होता.

याला सहा वर्षं झाली. पिशोर काही लांब नाही. एकदा कन्नडला लग्नाला गेलो होतो. तिथं पिशोरची गाडी समोर उभी होती, कंडक्टर हाका मारत होता. मी रसवंतीत बसून राहिलो आणि ती सुटल्यावर उठलो.

ते तिथं आहेत, तब्येत बरी आहे, असं कळतं. तो आवाज कुणाचा होता हे त्यांना त्या क्षणीच कळलं होतं, याविषयी मला शंका नाही. तरी त्यांनी विचारलं होतं, आणि त्याचं खरं उत्तर मी त्यांना अजून दिलेलं नाही.