बस थांबवा ना भाऊ

त्या सकाळी जामुलहून भिलाईला येणारी बस मीच थांबू दिली नाही. चूक माझी होती, ड्रायव्हरची नव्हे.

आमच्या बसमधला एक माणूस रोज दारातला दांडा धरून उभा असायचा. सीट रिकामी असली तरी बसायचा नाही. त्या दिवशी पेट्रोल पंप दिसताच त्याचा हात पोटावर गेला. "थांबवा ना भाऊ, संडासला जायचं आहे, दोनच मिनिटं."

"रोजचीच नाटकं याची! इथं आमची हजेरी चुकून राहिली," मी ओरडलो. "चलो ड्रायव्हर!"

लोक हसले. पुढच्या स्टॉपवर तो शर्ट खाली ओढत, कोणाकडेही न पाहता उतरला. पायरीवर रक्त होतं.

मग कित्येक दिवस तो दिसलाच नाही. तो मेला तर नसेल, या भीतीनं मी रोज दाराकडे बघायचो.

एका सकाळी तो चढला. चेहरा औषधाच्या गोळ्यांनी सुजला होता. मी जवळ जाऊन काय झालं ते विचारलं.

"अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्यात जखमा होतात," तो हळूच म्हणाला. "बिमारी औषधानं दबते, पुन्हा उठते. घरून उपाशीच निघतो मी. मले मरायची भीती नाही वाटत भाऊ, बस थांबणार नाही याची वाटते."

वाटेत त्याचा हात पुन्हा पोटावर गेला. त्यानं ड्रायव्हरकडे नाही, घाबरून माझ्याकडे पाहिलं.

"रोको!" मी ओरडलो.

तो परत चढला, तेव्हा मी सगळ्यांसमोर हात जोडले. "त्या दिवशी गाडी मीच थांबू दिली नाही. माझं चुकलं, दादा. मले माफ करा."