शेवटच्या वळणावरचं ऊन

मोटरसायकल शर्यतीच्या क्लबात भांडायला वेगळा विषय लागत नाही, वेळापत्रक पुरतं. गट सहा, ट्रॅक एक, दिवस एक. सकाळी ट्रॅक दवाने ओला असतो, म्हणून पहिली शर्यत कोणाला नको. दुपारी डांबर तापतं, म्हणून ती नको. जेवणानंतरची नको, कारण जेवण. आणि शेवटची तर मुळीच नको, कारण त्या वेळी सूर्य खाली उतरून शेवटच्या वळणाच्या बरोबर समोर ठाण मांडतो. सगळ्यांना हवी ती सकाळी दहाची वेळ.

हे वेळापत्रक वर्षानुवर्षं तराजूकाका करत आले होते. धंदा मोटरसायकलींच्या सीटची कव्हरं शिवण्याचा. स्वतः सायकलवरून दुकानात येत. ज्याला शर्यतीतून काही मिळवायचं नाही तो कोणाची बाजू घेणार नाही, एवढ्या भरवशावर क्लबाने त्यांना निवडलं, आणि पुढे 'तराजू' हे नाव पडलं. कोणीतरी गमतीने दुकानाच्या पाटीवर खडूने तराजू काढला. तो पावसात धुऊन गेला, तेव्हा काकांनी रंगाऱ्याकडून नीट काढून घेतला. नावाचा आपल्याला सोस नाही, असं मात्र ते म्हणत.

मग त्यांची मुलगी छोट्या इंजिनांच्या गटात उतरली. लोक काय म्हणतील, याचं उत्तर काकांनी लोकांनी विचारायच्या आतच देऊन टाकलं: छोटी इंजिनं सगळ्यांत शेवटी.

"घरच्या पोरीलासुद्धा सोडत नाही हा माणूस!" सेक्रेटरी म्हणाला. त्याचं टायरचं दुकान होतं आणि टाळ्या कधी सुरू करायच्या हे त्याला कळत असे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच वेळापत्रक, पुन्हा टाळ्या. उन्हाची तक्रार कोणी केलीच, तर काका म्हणत, "माझी मुलगीही त्याच उन्हात आहे." यावर बोलणार काय?

गेल्या वर्षी त्या वळणावर पोस्टमन पडला. तोही त्याच गटातला. पुढे एक गाडी आडवी झाली होती, 'धोका, हळू' म्हणून पिवळा झेंडा दाखवला होता, तरी हा भरधाव आला. 'झेंड्याकडे दुर्लक्ष' असा ठपका ठेवून क्लबाने प्रकरण मिटवलं. खाली तराजूकाकांचीही सही होती. पोस्टमनचा डावा खांदा काही पूर्वीसारखा झाला नाही. आता तो पिशवी घेऊन फिरत नाही, खिडकीत बसून शिक्के मारतो. काका फळं घेऊन भेटून आले होते.

यंदा काकांनी दुकानात कागद पसरला, तेव्हा मुलगी शिलाई मशीनशेजारी बसून बॉबिन भरत होती.

"यंदाही आम्हीच शेवटी?"

"तुला वर घेतलं तर लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"मी तुमची मुलगी, मान्य. बाकीच्या नऊ जणांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

काका हसले. मुलगी हसली नाही.

"पोस्टमनदादा तुमची मुलगी नव्हता, बाबा."

त्या दिवशी ते जेवायला बसले, पण ताटातलं काही संपेना. "अहो, जेवताय की भातावर गिरवताय?" बायकोने विचारलं.

"मी कोणाचं वाईट केलंय का गं?"

"वाईट नाही हो. लोकांनी चांगलं म्हणावं म्हणून केलंत, एवढंच," असं म्हणून तिने आमटी वाढली. तिच्या मते यात रागावण्यासारखं काही नव्हतं.

नवीन वेळापत्रक बैठकीत वाचलं गेलं. प्रत्येक शर्यतीची एक फेरी कमी, जेवणाची सुट्टी निम्मी, शेवटची वेळ रिकामी.

"म्हणजे पोरीला ऊन लागू नये म्हणून आमची फेरी कापली!" मोठ्या इंजिनवाल्यांतला भोंगा ओरडला. हे नाव त्याला गाडीमुळे पडलं नव्हतं.

"शेवटी बाप तो बापच," मागून कोणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. काकांनी इतक्या वर्षांत या खोलीत टाळ्या ऐकल्या होत्या, हशा पहिल्यांदाच.

"त्या वेळेला कोणीच नाही," ते म्हणाले. "माझी नाही, तुमचेही नाहीत." पुढचं वाक्य ओठांवर आलं होतं, पण त्यात पोस्टमन होता. ते खाली बसले.

सेक्रेटरी म्हणाला, "दुसरं कोणी वेळापत्रक करणार असेल तर हात वर करा." एकही हात वर झाला नाही. वेळापत्रक मंजूर झालं.

दुसऱ्या दिवशी पाटीवरच्या तराजूत, एका पारड्यात कोणीतरी खडूने हेल्मेट काढून ठेवलं होतं. काकांनी तेही पुसलं नाही.

शर्यतीच्या दिवशी छोट्या इंजिनांना तापलेली दुपार मिळाली आणि मुलगी खालून दुसरी आली. "एवढं करून?" भोंग्याने हळहळ व्यक्त केली. काकांशी त्या दिवशी फारसं कोणी बोललं नाही. दोघा-तिघांनी फक्त किती वाजले ते विचारलं.

संध्याकाळी बक्षिसं सुरू झाली आणि टेबलावरचं काम संपलं. इतकी वर्षं या वेळी ते टेबलामागे मान खाली घालून वेळा लिहीत असत. आज ते चालत शेवटच्या वळणाकडे गेले. तिथे पोस्टमन झेंडे गुंडाळत होता. गाडी चालवता येत नाही, म्हणून यंदा त्याने हे काम मागून घेतलं होतं.

"या काका. इकडे कशी वाट चुकलात?"

काका ट्रॅकच्या मधोमध, गाड्या येतात तिथे जाऊन उभे राहिले आणि वळले. समोर नुसतं पांढरं होतं. डोळ्यांवर हात धरला, तरी हातापलीकडे काही नव्हतं. पोस्टमन कुठल्या बाजूला आहे, हे ते आवाजावरून शोधू लागले.

"जरा पिवळा झेंडा वर कर बघू."

"केलाय काका," पोस्टमन म्हणाला. "केव्हाचा."